पाठवणीचं डुक्कर

सारजा वडारीण डुकरांना आधी पाणी दाखवायची आणि मग चारा. उलटं कधी नाही. काटेवाडी मागं टाकून इंदापूरच्या अंगाला कोसभर गेलं की कालव्याच्या खाली उंबरवाडी लागायची, तिच्या शिवेला लागून हिचा वाडा. वाडा म्हणजे बाभळीच्या काटेरी फांद्यांचं, फेसाट्यांचं कुंपण, आत पाचटाची दोन छपरं आणि लहानमोठी एकवीस डुकरं. दगडी डोणी भरली की सगळी एकमेकांना ढुशा देत पाण्यावर यायची. मग दहा पावलांवर सारजा कोंडा, गुऱ्हाळावरची मळी आणि किडकी वांगी ओतायची. पाण्यावर आलेलं जनावर चाऱ्यावर आलं नाही की तिची नजर तिथंच अडकायची. ताप आलेलं डुक्कर पाणी पितं, पण चाऱ्याला तोंड लावत नाही, हे तिला सासऱ्यानं शिकवलं होतं. असं जनावर ती तिथल्या तिथं वेगळं काढायची. कानामागं पालथा हात लावून बघायची, शेपूट गुंडाळलंय का लोंबतंय ते बघायची, त्याची घाण काडीनं फोडून बघायची. जंत असले तर पळसाचं बी वाटून ताकातून पाजायची. खरजेला करंजाचं तेल. बाजारातून नवं जनावर आणलं तर ते पंधरा दिवस ओढ्याच्या पलीकडं बांधायची आणि त्याच्याजवळून आल्यावर पाय चुन्याच्या निवळीत बुडवल्याशिवाय वाड्यात यायची नाही.

घरातला दीर सोडला तर दुसऱ्या कुणालाही ती आत येऊ देत नसे. पाहुणा म्हणून आलेल्या वडाराला नाही, कैकाड्याला नाही, गावातल्या माणसाला तर नाहीच. याचं गावाला हसू यायचं आणि रागही यायचा.

"वडारणीच्या डुकरांचं सोवळं हाय बाबा," माणसं चावडीवर म्हणायची. "आमच्या देवघरात कुत्रं शिरतंय, पर हिच्या डुकरखान्यात बामण शिरायचा न्हाय."

सारजा ऐकून घ्यायची. सोवळं तर सोवळं. आसपासच्या वस्त्यांवर दर दोन-तीन वर्षांनी डुकरं पटापट मरायची आणि हिची उभी राहायची, हेही त्याच लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

राग धरायला अजून एक कारण होतं, आणि ते रामहरी पाटलाच्या पोटात होतं. वाड्याची दीड एकर जागा त्याची. सारजाचा सासरा कालव्याच्या कामावर गाळ काढायला आला तेव्हा ती जागा चोपण होती. कालव्याचं पाणी पाझरून वर मीठ फुललेलं, गवताची काडी धरत नव्हती. रामहरीच्या बापानं चार माणसांदेखत सांगितलं होतं, "डुकरं हायेत तवर बस हितं." त्याला वाटलं, वर्षभरात वडार उठून जातील. पण डुकरांनी वीस वर्षं ती माती नांगरल्यासारखी उकरली, लव्हाळ्याच्या गाठी खाल्ल्या, खत टाकलं. सासऱ्यानं चर खणून खारं पाणी ओढ्याला काढून दिलं. आता ती माती काळी, भुसभुशीत झाली होती. कुंपणाच्या बाहेर रामहरीचा ऊस कमरेइतका होता आणि कुंपणाच्या आत चुकून पडलेलं कांडं डोक्याच्या वर गेलं होतं. रामहरी येता-जाता ते कांडं बघायचा.

"सारजे, डुकरं किती?" तो बांधावरून विचारायचा.

"देवाच्या दयेनं वाढत्यात, पाटील."

तो पिचकारी टाकून निघून जायचा. बापाचा शब्द मोडला तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. डुकरं हायेत तोवर त्याला काही करता येत नव्हतं.

हे छत्तीस सालच्या माघातलं. निरवांगीच्या बाजूला जनावरांत बुळकांडी शिरली होती. बैलं हगवण लागून मरत होती आणि गुऱ्हाळं ऐन भरात होती. तिकडच्या गावांनी आईची, रोगाच्या देवीची, पाठवणी केली, असं बाजारात कानावर आलं. पाठवणी म्हणजे रोग गावातून काढून देणं. एक डुक्कर धरायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, गळ्यात हिरव्या बांगड्यांची माळ बांधायची आणि हलगी वाजवत शिवेच्या पलीकडं घालवायचं. रोग त्याच्यावर बसून जातो. पुढच्या गावानं त्याला हात लावायचा नाही, मारायचं नाही, नुसतं लिंबाच्या डहाळीनं हाकत आपल्या शिवेच्या पार करायचं, तेही दिवस मावळायच्या आत. अशी आई गावोगाव पुढं सरकायची.

सारजानं ते ऐकलं तेव्हा एकच विचारलं. "डुक्कर कुणाचं धरलं?"

सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तिनं त्याच दिवशी कुंपणाला अजून फेसाट्या लावल्या. बुळकांडीचं तिला काय वाटायचं ते वाटलं असेल, पण तिकडल्या वस्तीवर डुकरांचे कान निळे पडतायत हे तिला आठ दिवस आधी कळलं होतं. तो ताप शिरला की वाड्यात शेपूटही उरत नाही.

तीन दिवसांनी दुपार कलताना ती ओढ्यावर कोंडा भिजवत होती. दीर सोनबा छपरावर पाचट दाबत होता. तो वरून ओरडला, "वैनी, उसातनं कायतरी आलं!"

ती धावली. कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यात गाभण मादी वेगळी ठेवली होती, ढवळी. वाड्यातली सगळ्यात चांगली मादी, एका वेताला दहा पिलं जगवणारी. व्यायला आठ दिवस राहिले होते. ढवळी फेसाटीच्या फटीतून नाक बाहेर काढून उभी होती आणि पलीकडून दुसरं एक डुक्कर तिच्या नाकाला नाक लावत होतं. त्याच्या कपाळावर कुंकू वाळून काळं पडलं होतं. गळ्यात हिरव्या बांगड्या. डोळे चिकटलेले, शेपूट दोरीसारखं सरळ लोंबतंय, कानांची टोकं जांभळी. चालताना त्याचं मागलं अंग एका बाजूला झुकत होतं.

सारजानं दुसरा विचार केला नाही. हातात आली ती काठी घेऊन ती कुंपणाबाहेर पडली आणि त्याच्या फऱ्यावर दोन ठेवून दिल्या. ते किंचाळत मागं सरलं आणि परत आलं. तिनं पायानं ढकललं. त्याची लाळ तिच्या पोटऱ्यांना आणि लुगड्याला लागली. मग तिनं आत हात घालून ढवळीचं नाक मागं लोटलं.

"अगं ए रांडे!"

उसाच्या बांधावर रामहरी उभा होता. त्याच्या मागं पंचवीस-तीस माणसं, त्यांच्यात हलगीवाला आणि आईचा भगत कुंडलिक. रामहरी हसत नव्हता, पण त्याच्या तोंडावर समाधान होतं.

"बघितलं का रं? वडारणीनं आईवर काठी उचलली. समद्यांनी बघितलं?"

"बघितलं, बघितलं."

"पाटील," सारजा म्हणाली, "पाठवणी गाडीवाटंनं जाती. आज उसातनं कशी आली?"

"आईला वाट दावणारी तू कोण?"

"मी न्हाय दावली. कुणीतरी दावलीच की."

एक म्हातारा पुढं झाला. "तोंड बघा हिचं! काठी मारती ती मारती, वर जाब विचारती. उद्या गावात एक बैल जरी बसला ना, तर तुझं छप्पर जाळीन बघ."

"हाडं मोडा तिची," मागून कुणीतरी म्हणालं.

रामहरीनं हात वर केला. त्याला हाडं मोडायची नव्हती. त्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं आणि ते शांतपणे सांगितलं. पलीकडच्या शिवेवर पुढच्या गावाची माणसं काठ्या घेऊन उभी आहेत, आज पाठवणी घ्यायला तयार नाहीत. उद्या सकाळी भांडून का होईना पुढं घालवू. पण आईला रात्रभर उघड्यावर ठेवून चालणार नाही, आणि गावात तर घ्यायचीच नाही. तेव्हा तिनं वडारणीच्या वाड्यात मुक्काम करावा, तिच्याच जातीच्या जनावरांत. काठी मारल्याचं पापही त्यात फिटेल.

"काढ फेसाटी," तो म्हणाला.

सोनबा छपरावरून उतरला होता.  तो खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, काढू या. एका रातीचा तर परश्न हाय. न्हायतर मारत्याल आपल्याला."

"एका रातीनं काय व्हतं ते तुला म्हाईत हाय का?"

"मग काय करायचं? तूच सांग. तुझं शहाणपण लई!"

सारजा त्या डुकराकडं बघत होती. ते कुंपणापासून चार हातांवर उभं होतं आणि धापा टाकत होतं. पोट खाली ओढलं गेलं होतं. त्याचं नाक एकसारखं हलत होतं, पण वाड्याकडं नाही. ओढ्याकडं. त्याला पाण्याचा वास येत होता. अंगात आग भरलेलं डुक्कर चाऱ्याकडं जात नाही, दुसऱ्या डुकरांकडंही फार वेळ जात नाही. ते ओल हुडकतं. गार, ओली, सावलीतली माती सापडली की तिच्यात पोट टेकतं, आणि मग त्याला कुणाच्या बापाच्यानं उठवत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात आली ती हलगी. पाठवणीचा एक नेम होता, तो या गावात लहान पोरालाही ठाऊक होता. हलगी वाजत असताना जनावर बसलं आणि भगतानं तीन हाका मारूनही उठलं नाही, तर आई तिथं बसली. मग ती जागा आईची. तिथं दगड उभा करायचा, रेघ मारायची आणि रेघेच्या आत माणूस, गुरं, कुत्रं काही जाऊ द्यायचं नाही. नांगर तर कधीच नाही.

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आवाज खाली आणला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आई पावणी म्हणून आली आन मी तिला काठी मारली. फेसाटी काढते. पर आधी तिच्या पायावर पाणी तर घालू द्या. तापलीया ती. माह्यारवाशीण दारात आली तर आपण बी घालतो न्हवं?"

माणसांच्या मागं उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी चुकचुकलं. कुंडलिक म्हणाला, "घालू दे. पाण्याला ना म्हणू नये."

रामहरीनं खांदे उडवले. "घाल. बिगी बिगी घाल."

सारजानं ओढ्यावरून घागर भरून आणली. पण डुकराजवळ ओतली नाही. खालच्या अंगाला, वाड्यापासून साठ-सत्तर पावलांवर, चराच्या तोंडाशी एक जुनी बाभूळ होती. तिची सावली लांब पडली होती. तिथलं पाणी वाड्याकडं येत नव्हतं, ओढ्याला खाली उतरत होतं, आणि वारा वाड्याकडून तिकडं होता. तिथं तिनं पहिली घागर ओतली.

"तिकडं कुठं ओततीस?"

"सावलीत पाट मांडते आईला, पाटील. उनात कशी बसवू?"

दुसरी घागर. तिसरी. माती भुसभुशीत होती, पाणी प्यायली आणि चिखल झाला. डुकराचं नाक वर झालं. ते वळलं. मागचं अंग ओढत, अडखळत ते बाभळीकडं निघालं. लोकांनी वाट दिली, कारण अंगाला लागू नये म्हणून सगळ्यांनाच भीती. हलगीवाल्यानं सवयीनं टिपरी उचलली आणि वाजवायला लागला. जनावर चालू लागलं की हलगी वाजवायची, एवढंच त्याला माहीत.

डुक्कर चिखलात शिरलं. त्यानं तोंड खुपसलं, एक लांब श्वास सोडला आणि पोट टेकलं.

हलगी वाजतच होती. मग हलगीवाल्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा हात थांबला. 

"उठव रं तिला," रामहरी म्हणाला. "डहाळी लाव."

एकानं लिंबाची डहाळी लांबूनच डुकराच्या पाठीवर फिरवली. त्यानं कान हलवला. बस्स.

"कुंडलिक, हाक मार," रामहरीचा आवाज बदलला होता.

कुंडलिक पुढं आला. त्यानं सारजाकडं एकदा बघितलं. त्याला ती बाई कधी आवडली नव्हती. आईला तिनं कधी नारळ दिला नव्हता, आणि कान निळे पडतात ते तापानं, आईनं नव्हे, असं ती बाजारात उघड म्हणायची. त्यानं चिखलाकडंही बघितलं. मग रामहरीच्या दीड एकर काळ्या मातीकडं बघितलं. आईचं ठाणं उंबरवाडीत आजवर नव्हतं. त्याला नारळासाठी दुसऱ्यांच्या शिवेवर जावं लागायचं.

"आई, उठतीस का?" त्यानं पहिली हाक मारली.

डुक्कर उठलं नाही.

"आई, पुढं जातीस का?"

नाही.

तिसऱ्या हाकेला कुंडलिकानं गळा असा ताणला की पलीकडच्या मळ्यातल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. "आई, बसलीस का?"

डुकरानं डोळे मिटले होते. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. मघाशी हाडं मोडा म्हणणारा माणूस गुडघ्यावर बसला.

"बसली," कुंडलिक म्हणाला.

"बसली कसली!" रामहरी ओरडला. "माझ्या रानात? उठवा तिला! काठी घाला!"

"घाला की, पाटील," कुंडलिक म्हणाला. "तुमीच घाला. लावा हात."

रामहरी दोन पावलं पुढं गेला. मागं कुणी आलं नाही. त्यानं वळून बघितलं. मघापर्यंत त्याची असलेली पंचवीस-तीस माणसं आता मातीकडं बघत होती. तो तिथंच थांबला, आणि तेवढ्यात कुंडलिकानं टाचेनं रेघ ओढायला सुरुवात केली. बाभळीपासून चरापर्यंत, चरापासून उसाच्या बांधापर्यंत, बांधापासून कालव्याच्या भरावापर्यंत. वाडा रेघेच्या आत आला. सारजाला ते ठाऊक होतं. त्याहून लहान रेघ तो ओढणार नव्हता.

"सारजे," रेघ पुरी झाल्यावर कुंडलिक म्हणाला, "आईच्या जाग्यात दुसरं डुक्कर न्हाय चालायचं. दिवस मावळायच्या आत भायेर काढ. आन परत हितं पाय ठिवायचा न्हाय."

"काढते," ती म्हणाली.

सोनबानं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू तिनंच त्याला खड्ड्यात लोटलंय. वीस वर्षं राबलेली माती तिनं तीन घागरींत घालवली होती, एवढं त्याला समजलं. का, ते समजलं नाही.

"आता का म्हणून इचारू नको," ती त्याला आपल्या घरच्या बोलीत म्हणाली. ती बोली उंबरवाडीला समजत नव्हती. "जनावरं काढ. वरच्या अंगानं, भरावावर चढव. पुलावरनं कालव्याच्या पलीकडं न्हे. तितनं वर, काटेवाडीच्या बाजूला. खाली एक पाऊल जायचं न्हाय. पाणी वरनं खाली येतं, ध्यानात ठेव."

"आन तू?"

"मी न्हाय येत."

"म्हंजी?"

तिनं लुगड्याचा काठ धरून दाखवला. लाळेचे डाग वाळून चिकट झाले होते. "हे अंगावर घिऊन मी त्यांच्यात येऊ? ढवळीच्या नाकाला हात लावलाय मी. ढवळी बी न्हाय येत."

"ढवळी आठ दिसात विणार हाय! दहा पिलं हायेत पोटात!"

"म्हाईत हाय मला. तुझ्यापेक्षा जास्त म्हाईत हाय."

"मला न्हाय जमायचं," सोनबा रडकुंडीला आला. "मला काय कळतंय? कोण आजारी, कोण साजरी. आजवर तू हात लावू दिलास का मला? नुसतं पाचट दाब, पाणी आण, गाढवासारखं."

"गाढवच हायेस. म्हणून नीट ऐक. आधी पाणी, मग चारा. पाण्यावर किती आली मोज. चाऱ्यावर किती आली मोज. आकडा चुकला की ते जनावर लांब बांध आन परत दुसऱ्याला हात लावू नको. एवढंच. बाकी डोकं चालवू नको, तुझ्यात न्हाय ते."

गावाला मात्र तिला वेगळं सांगावं लागलं. बाई वाड्यातून बाहेर निघत नाही असं दिसल्यावर लोक रेघेशी गोळा झाले. तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "आईचा हात लागलाय मला. मी भायेर आले तर ती माझ्या अंगावर बसून तुमच्या गोठ्यात येईल. येऊ?"

"नको! नको!" म्हातारा मागं सरकला. "ऱ्हा तितंच. मर तितंच."

खोटं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. नाव तेवढं त्यांचं वापरलं.

वीस डुकरं भरावावर चढली. सोनबा मागून हाकत होता, शिव्या देत, डोळे पुसत. ढवळी कुंपणाशी उभी राहून त्यांच्याकडं तोंड करून ओरडत राहिली.

पाठवणीचं डुक्कर दुसऱ्या दिवशी मेलं. सारजानं पहार घेतली आणि पुरुषभर खड्डा खणला. वडाराच्या बाईला खणणं नवं नव्हतं. डुक्कर, भिजलेला चिखल, सगळं आत टाकून वर चुना टाकला. कुंडलिकानं रेघेबाहेरून शेंदूर फासलेला एक दगड आत फेकला आणि तो बाभळीशी उभा करायला तिला सांगितलं. तिनं केला. गिधाडं, कुत्री येऊ नयेत म्हणून ती दिवसभर काठी घेऊन बसायची. लोक लांबून हात जोडायचे आणि दगडाला नमस्कार करून झाला की तिला शिव्या घालायचे.

सोनबा रोज सकाळी कालव्याच्या पलीकडं उभा राहायचा. फडक्यात भाकरी बांधून इकडं फेकायचा. तिनं फडकं कधी परत फेकलं नाही.

"पाण्यावर इस, चाऱ्यावर इस," तो ओरडायचा.

"नीट मोजलीस का?"

"दोनदा मोजली! मला काय आकडे येत न्हाईत?"

"पिलांचे कान बघ."

"बघितले! तुझंच खरं करून बस!"

सहाव्या दिवशी ढवळी पाण्यावर आली. डोणीत तोंड घालून खूप वेळ पीत राहिली. मग सारजानं कोंडा ओतला. ढवळीनं वास घेतला आणि वळून छपराखाली जाऊन पडली. सारजानं तिच्या कानामागं पालथा हात लावला आणि तसाच बराच वेळ ठेवला.

त्या दिवशी सोनबानं आकडे ओरडून सांगितले, तेव्हा तिनं उत्तर दिलं नाही. तो दोनदा ओरडला. "ऐकलंस का? मेलीस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. "उद्यापासनं कुंपणाच्या लाकडांना बी चुना लाव."

नवव्या दिवशी ढवळी मेली. व्यायचा दिवस उलटून गेला होता, पिलं पोटातच राहिली. दुसरा खड्डा खणायला तिला अख्खा दिवस लागला, कारण तिनं तो पहिल्यापेक्षा खोल खणला आणि मध्येच दोनदा कडेला बसावं लागलं. रेघेबाहेर उभ्या असलेल्या एका माणसानं विचारलं, "काय गं, तुझ्या डुकराला बी आई झाली का?" ती खणत राहिली.

त्या खड्ड्यापासून पुढं तिनं स्वतःसाठी पंधरा दिवस धरले. दोन्ही छपरं जाळली. कुंपण जाळलं. डोणी चुन्यानं पांढरी केली आणि उलटी घातली. पंधरा दिवस सोनबा रोज वीस आणि वीस असं ओरडत होता. शेवटी शेवटी त्याच्या आवाजात थोडा ताठा आला होता. एका सकाळी तर तो म्हणाला, "एक माजलेला नर हाय, लंगडतोय. खुरात काटा व्हता, म्याच काढला. ताप न्हाय, बघितलं म्या." तिनं त्यावर शिवी घातली नाही.

ज्या दिवशी ती निघणार त्या दिवशी रामहरी रेघेशी आला. एकटाच. इकडंतिकडं बघून खाली वाकला आणि हळूच बोलला.

"त्या दिशी तू पाणी मुद्दाम बाभळीखाली ओतलंस."

सारजा पायांना राख चोळत होती.

"परवा माझी म्हस उनाची अशीच चिखलात बसली. तवा डोसक्यात परकाश पडला. आजारी डुक्कर ते, ओलीला गेलं. आई न्हाय, काय न्हाय."

"मी कवा म्हणाले आई हाय म्हणून? कुंडलिक म्हणाला."

"तू चावडीवर ये. समद्यांफुडं सांग. पाणी ओतलं म्हणून बसलं म्हण. माझी जागा मोकळी हुईल."  "मग हितं कडंला तुला छप्पर घालू देतो. म्हातारी हुईस्तवर ऱ्हा."

"डुकरांसकट?"

तो म्हणाला, "डुकरं कशाला पायजेत आता? पुरे झालं की."

"पाटील, हितं दोन खड्डे हायेत. वरसभर इथली माती उकरू नका, कुणाचं डुक्कर येऊ देऊ नका. मी चावडीवर खरं बोलले की उद्या सकाळी तुमचा नांगर हितं चालंल, आन नांगराच्या मागं गावातली समदी कुत्री. मग ताप पुन्यांदा फिरंल. कालव्याच्या वर बी येईल."

"तुझ्या इस डुकरांसाठी माझी दीड एकर जमीन पडीक ठिवू?"

"तुमच्या दीड एकरासाठी माझी एकवीस डुकरं मारायला निघाला व्हताच की. गाडीवाट सोडून उसातनं आणलीत."

रामहरी ताठ उभा राहिला. "सांगतो मीच चावडीवर. बघ काय करत्यात तुझं. जित्ती सोडणार न्हाईत."

"सांगा," सारजा म्हणाली. "काय सांगाल? आई बसली न्हाय म्हणून? कुंडलिकानं खोटी हाक मारली म्हणून? परवा पाच गावच्या बायका नारळ घिऊन आल्या व्हत्या, त्यांना बी सांगा. गावात एक बी बैल न्हाय मेला, त्येचं कारण समदी काय सांगत्यात? आई पाटलाच्या रानात बसली म्हणून. म्हणा की, न्हाय बसली. पयला बैल बसला की गाव कुणाच्या दारात येतंय ते बघा."

 रामहरीच्या मागं ऊस सळसळत होता. रेघ त्याच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर होती आणि त्यानं ती ओलांडली नाही.

सारजा भरावावर चढली. पलीकडं सोनबानं दगडावर नवं लुगडं ठेवलं होतं आणि स्वतः वीस पावलं मागं जाऊन उभा राहिला होता. ती कालव्यात उतरली, गळ्याइतक्या पाण्यात. अंगावरचं लुगडं तिनं तिथंच सोडलं. ते खाली उंबरवाडीकडं वाहून जाऊ नये म्हणून पायाखाली दाबलं, बुडी मारून वर तळातला धोंडा ठेवला आणि मगच ती पलीकडच्या काठाला लागली.